वावरातल्या सोयाबीनचा टोफू अन त्याचं कोरियन दुबु जोरिम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

दिवाळीच्या आगेमागे आमच्या ओसरीत सोयाबीनचे कट्टे लागलेले राहतात, भाव वाढला की विकू म्हणून. २०२४-२५ ला हमीभाव होता ४८९२ रुपये क्विंटल अन आम्ही विकलं चार हजाराच्या आसपास, ते दुःख सगळ्यांनाच माहीत आहे. पण मला त्याच्याहून जास्त एक गोष्ट खटकायची, की ज्या मालावर आपलं वर्षाचं घर चालते तो माल आपल्या ताटात कधी येतच नाही. तूर येते, हरभरा येतो, ज्वारी येते, जवसाची चटणी येते, सोयाबीन नाही. फार तर दळणात गव्हासोबत मूठभर टाकतो नाहीतर किराण्यातून सोयावडी आणतो, म्हणजे तेल काढून उरलेलं आपलंच सोयाबीन परत पैसे देऊन घरी आणतो.

माझी पोरगी यवतमाळला शिकते, होस्टेलवर मैत्रिणींसोबत कोरियन सिरीयल पाहते. मागच्या हिवाळ्यात सुटीत घरी आली अन म्हणे आई, त्या लोकांच्या जेवणात भाताभोवती लहान लहान वाट्या राहतात, त्यातला तो लाल चटणी लावलेला टोफू करून देशील का. मी तोवर टोफू हातात सुद्धा घेतला नव्हता. तिनं फोनवर दहा व्हिडिओ दाखवले अन मग आम्ही दोघींनी कट्ट्यातलं सोयाबीन काढून भिजवलं. तेव्हापासून मी हा प्रकार दहा-बारा वेळा तरी केला असेल, सुरुवातीचे तीन वेळा काही ना काही चुकलं, ते सगळं जिथल्या तिथे सांगते म्हणजे तुमचं सोयाबीन अन तुमची मेहनत वाया जाणार नाही.

कोरियन भाषेत दुबु म्हणजे टोफू अन जोरिम म्हणजे सोया सॉसच्या पाण्यात मंद आचेवर आटवत आटवत शिजवणं. रस्सा नाही, कोरडी भाजी पण नाही, मधलं काहीतरी. टोफूच्या पातळ चकत्या आधी तेलावर भाजायच्या, मग त्यावर सोया सॉस, लसूण, तिखट, तीळ असं कालवण टाकून ते पाणी इतकं आटवायचं की चकत्यांना लेप लागून राहिला पाहिजे. भातासोबत तोंडी लावायचे जे प्रकार राहतात त्यांना ते लोक बानचान म्हणतात, हे त्यातलंच एक. आपल्या ताटात डाव्या बाजूला जे राहते, चटणी लोणचं कोशिंबीर, तसंच समजा, फक्त थोडं जास्त वाढायचं.

आता सोयाबीन कोणतं घ्यायचं, हे सगळ्यात आधी नीट वाचा कारण इथे चूक झाली तर जिवावर बेतू शकते. पेरणीसाठी आणलेल्या बॅगमधलं उरलेलं बियाणं अजिबात वापरायचं नाही. त्याला बुरशीनाशक लावलेलं राहते, लाल-गुलाबी रंग त्याचाच राहतो, अन घरीच बीजप्रक्रिया केलेलं असलं तर कधी कधी रंग पण दिसत नाही. धुतलं म्हणून ते जात नाही. तसंच ज्या कट्ट्यात किडीसाठी गोळ्या ठेवल्या होत्या तो कट्टा सोडून द्या. खायचं सोयाबीन वेगळंच काढून ठेवायचं, मी मळणीच्या दिवशीच वीसेक किलो बाजूला काढते, उन्हात वाळवून कोठीत भरून ठेवते. ३३५ असो की दुसरं कोणतं वाण असो, टोफू सगळ्याचा होतो. पण काढणीच्या वेळी पाण्यात सापडलेलं काळपट डागाचं नको, त्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. अन दीड-दोन वर्षं जुनं पण नको, ते नीट भिजत नाही, दूध कमी निघते.

पाव किलो घ्या, चार-पाच माणसांच्या घराला एका वेळेस तेवढं पुरते. खडे, माती, फुटके दाणे निवडून दोन-तीन पाण्यानं धुवा अन भरपूर पाण्यात भिजवा, फुगून दुपटीच्या वर जाते म्हणून भांडं मोठं पाहिजे. हिवाळ्यात दहा-बारा तास, उन्हाळ्यात सहा-सात तासच. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, तेव्हा रात्रभर ठेवलं तर सकाळी पाण्याला फेस अन आंबूस वास येते, त्यामुळे उन्हाळ्यात दोनदा पाणी बदलते मी. भिजलं की नाही ते पाहायची खूण सोपी आहे, एक दाणा घेऊन नखानं दोन डाळिंब्या वेगळ्या करा, आतली बाजू सपाट दिसली तर झालं, मधात खळगा दिसला तर अजून वेळ द्या. मग पाण्यातच दोन्ही हातानं चोळा, टरफलं वर येतात ती ओतून द्या. सगळी नाही निघाली तरी चालते.

सोयाबीनला एक कच्चट वास राहतो, आमच्या घरात सगळ्यांची तक्रार त्याचीच होती. दाणा फुटला, पाणी लागलं की आतलं एन्झाईम कामाला लागते अन तो वास तयार होतो, उष्णतेनं ते एन्झाईम मरते. म्हणून भिजलेलं सोयाबीन दळायच्या आधी उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटं उकळायचं अन ते पाणी फेकून द्यायचं. यानं टोफू थोडा कमी निघतो हे खरं, पण घरातले खातील तर उपयोग. काही व्हिडिओत उकळतं पाणी टाकूनच मिक्सर फिरवतात, तसं करू नका, बंद भांड्यात गरम पाण्याची वाफ कोंडते अन झाकण उडते, हात-तोंड भाजते. कोमट होऊ द्या मग दळा.

दळताना एक वाटी सोयाबीनला दोन वाट्या पाणी, तीन-चार घाण्यात, अगदी गंधासारखं बारीक. लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून मी सकाळी लाईन आली की आधी हेच काम उरकते, पाट्यावर पण होते पण पाव किलोला तास जाते. सगळं मिळून पाणी दोन लिटरच्या आसपास गेलं पाहिजे. मग धुतलेलं सुती कापड, जुन्या धोतराचं असलं तर सगळ्यात चांगलं, मोठ्या गंजावर बांधून त्यात ओता अन पोटली करून पिळा. जोर लावून पिळा, जितकं पिळाल तितका टोफू जास्त. खाली जे येते ते सोयाबीनचं दूध अन कापडात उरतो तो चोथा, तो फेकू नका, त्याचं पुढे सांगते.

आता उकळणं. हे दूध म्हशीच्या दुधापेक्षा दगाबाज राहते. म्हशीचं दूध उकळी येतानाच वर येते, हे मात्र नीट गरम व्हायच्या आधीच फेसानं भरून वर येते अन आपल्याला वाटते उकळलं. पहिल्या वेळेस मी लहान गंजात ठेवलं होतं, पोळ्या लाटता लाटता पाहिलं तर अर्धं दूध शेगडीवर अन ओट्यावर, अन बाकीचं तळाला लागलेलं, त्या करपट वासानं सगळा टोफू वाया गेला. गंज इतका मोठा घ्या की दूध अर्ध्याच्या खाली राहिलं पाहिजे, तळ जाड पाहिजे, अन सराट्यानं तळ खरवडत सतत हलवत राहा. वरचा फेस झाऱ्यानं काढून टाका. फेस बसून खरी उकळी आली, खालून बुडबुडे यायला लागले की तिथून घड्याळ लावून दहा मिनिटं मंद आचेवर उकळायचं. यात घाई नको. कच्च्या सोयाबीनमध्ये असा घटक राहतो जो आपल्या पोटात प्रोटीन पचू देत नाही, पोट दुखते, मळमळते, तो नीट उकळल्यानंच जातो. म्हणून दूध उकळायच्या आधी चव पाहायला तोंडात पण घालू नका, लेकरांना तर नाहीच नाही.

गॅस बंद करून पाचेक मिनिटं थांबा. दुधावरची वाफ थोडी कमी झाली पाहिजे पण बोट बुडवता येणार नाही इतकं गरम पाहिजे. लिंबाचा रस तीन मोठे चमचे, अर्धी वाटी कोमट पाण्यात मिसळून ठेवा. आता तीन वेळात टाकायचा, पहिला भाग टाकला की पळीनं एकदा-दोनदा हळूच फिरवायचं अन थांबायचं, दोन मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. पनीर करताना आपण जशी ढवळाढवळ करतो तशी इथे करायची नाही, जास्त ढवळलं की दाणे बारीक पडतात अन टोफू भुसभुशीत होते. झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या. नीट फाटलं की मऊ ढगासारखे गोळे वेगळे अन पाणी पिवळसर, आरपार दिसणारं. पाणी अजून पांढरं दिसत असलं तर एक चमचा रस अजून टाका. माझा दुसऱ्या वेळेस इथेच घोळ झाला, लिंबं सुकलेली होती, रस कमी पडला, अर्धं दूध फाटलंच नाही अन मी तसंच कापडात ओतलं तर सगळं वाहून गेलं. पांढरं व्हिनेगर पण चालते, पण लिंबाचा वास मला बरा वाटते.

कोरियात जुन्या पद्धतीत मिठागराच्या मिठातून जे कडू पाणी झिरपते ते वापरतात, त्यात मॅग्नेशियम क्लोराईड राहते, त्यानं टोफू गोडसर अन गुळगुळीत बनतो. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, मंग आपल्या घरी तं मॅग्नेशियमची थैली पडून आहे. कपाशीची पानं लाल पडून लाल्या आला की फवारायला आणतो ते मॅग्नेशियम सल्फेट. ते नाही, ते खत आहे, खाण्याच्या कामाचं नाही, त्यात अजून काय काय मिसळलेलं राहील याची खात्री नाही. खायच्या ग्रेडचं मॅग्नेशियम क्लोराईड वेगळं विकत मिळते. ते नसलं तर लिंबू आहेच.

चाळणीत कापड अंथरून गोळे पळीनं उचलून त्यात ठेवा, ओतू नका. कापड चारी बाजूनं घट्ट दुमडून वर ताटली अन ताटलीवर दोन-अडीच किलोचं वजन. मी वरवंटा ठेवते. दुबु जोरिमला टोफू कडक पाहिजे म्हणून अर्धा-पाऊण तास दाबू द्या. मग कापडासकट थंड पाण्याच्या भांड्यात अर्धा तास बुडवा, पाण्यातच कापड सोडा, म्हणजे तो फुटत नाही अन लिंबाचा आंबटपणा पण निघून जातो. पाव किलोचा मला तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम मिळतो. सासूबाईंनी पहिला नीट जमलेला तुकडा हातात घेऊन दाबून पाहिला अन म्हणाल्या, "हे आपल्या वावरातलं व्हय? खरंच वं माय?" दोनदा विचारलं त्यांनी. साठ वर्षं वावरात राबलेल्या बाईनं आपल्याच मालाचं हे रूप पहिल्यांदा पाहिलं, मला भरून आलं होतं तेव्हा.

एवढा खटाटोप करायला वेळ नसला तर तयार पाकीट आणा, त्यात कमीपणा काही नाही. तालुक्याच्या डेअरीत टोफू म्हटलं तर समजत नाही, सोया पनीर म्हणा, ते पटकन देतात. तारीख पाहून घ्या अन पाकिटातलं पाणी फेकून एकदा धुवून घ्या.

आता जोरिमचं कालवण, अन इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे कारण या प्रकाराचा जीव यातच आहे.

आधी सोया सॉस. कोरियन व्हिडिओत एका टोफूला तीन मोठे चमचे सांगतात अन मी तिसऱ्या वेळेस तसेच टाकले, आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर जो काळा घट्ट सॉस राहतो तोच किराण्यात मिळते, तो टाकला, अन भाजी इतकी खारट झाली की एक चकती पूर्ण कोणी खाल्ली नाही. सॉस-सॉसमध्ये फरक राहतो. कोरियन सॉसला गानजांग म्हणतात, अन तो कसा बनते ते कळलं तेव्हा मला आपलीच उन्हाळ्याची वाळवणं आठवली. सोयाबीन शिजवून, कुटून, त्याच्या विटा करतात, त्याला मेजू म्हणतात, त्या तणसाच्या दोरीनं बांधून टांगून ठेवतात, त्यावर बुरशी चढू देतात, मग मिठाच्या पाण्यात मातीच्या मोठ्या रांजणात महिनोन्महिने मुरवतात. वरचं पाणी तो सॉस अन खालचा गाळ ती दोएनजांग नावाची चटणी. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोनं या मुरवण्याच्या पद्धतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ज्या दाण्याला आपण फक्त भावाच्या हिशोबानं पाहतो त्याला त्या लोकांनी रांजणात घालून घरातल्या जाणत्या माणसासारखं जपलं, मला ते फार मोठं वाटते. तर आपल्या काळ्या सॉसचे पावणेदोन ते दोन मोठे चमचेच घ्या अन वेगळं मीठ अजिबात टाकू नका. चाखून पाहा, पातळ अन कमी खारट सॉस असला तर तीन घ्या.

तिखट. कोरियात गोचुगारु वापरतात, उन्हात वाळवलेली लाल मिरची, बिया काढून भरड कुटलेली, रंग जास्त अन तिखटपणा बेताचा, थोडी गोडसर. आपलं रोजचं बारीक दळलेलं तिखट टाकलं तर कालवणाचा चिखल होतो अन तोंड जळते. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची घ्या, जिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, रंगाला ती फार छान. पाच-सहा मिरच्या उन्हात कडक करून, फोडून बिया झटकून टाका अन खलबत्त्यात भरड कुटा, पोह्याच्या चुऱ्यासारखी दिसली पाहिजे. ही गोचुगारुपेक्षा तिखट राहते म्हणून त्यात निम्मी बेडगी नाहीतर काश्मिरी मिरची मिसळा. दोन्ही मिळून एक मोठा चमचा. लेकरं खाणार असतील तर नुसती बेडगी घ्या.

तिळाचं तेल. त्यांचं तेल भाजलेल्या तिळाचं राहते, गडद तपकिरी, झाकण उघडलं की घरभर वास. आपल्या घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नाही. यावर मी असं करते, दोन मोठे चमचे तीळ मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजते, संक्रांतीच्या लाडवाला भाजतो त्याच्याहून जरा जास्त, पण काळे नाही. अर्धे तसेच ठेवते अन अर्धे भरड कुटून एक मोठा चमचा घाण्याच्या तिळाच्या तेलात टाकून तेल नुसतं गरम करते, तळायचं नाही, दहा मिनिटं झाकून ठेवते. तेच तेल शेवटी वरून.

बाकी लसणाच्या सात-आठ पाकळ्या बारीक ठेचून, एक लहान चमचा साखर नाहीतर गुळाचा खडा, हिरव्या पातीचे कांदे दोन, साधा कांदा एक उभा चिरून, अन पाणी पाऊण वाटी. बऱ्याच कोरियन घरात साध्या पाण्याऐवजी सुकलेल्या लहान मासोळीचं पाणी टाकतात, आम्ही माळकरी, आम्ही साधंच टाकतो.

अन एक विनंती आहे. यात हळद, जिरं-मोहरीची फोडणी, गोडा मसाला, भेद्रं म्हणजे टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, यातलं काही टाकू नका. आमच्या घरात पण सगळे म्हणाले की थोडा मसाला टाकून पाहा, एकदा टाकला, चव वाईट नव्हती पण ती आपली सोयाबीनची भाजी झाली, हा प्रकार राहिला नाही. लसूण, सोया, तीळ अन मिरची या चारच गोष्टींचा वास एकात एक मुरतो, त्यात हळद आली की बाकी सगळं मागे पडते. मसाल्याची भाजी आपण रोज करतोच, एक दिवस हे असं खाऊन पाहा.

सॉस, तिखट, लसूण, साखर, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, पाणी अन साध्या तिळातला अर्धा चमचा, सगळं एका वाटीत कालवून दहा मिनिटं ठेवा म्हणजे भरड मिरची फुगते.

टोफूच्या करंगळीएवढ्या जाड चकत्या करा, आगपेटीएवढ्या आकाराच्या, जरा मोठ्या चालतील. यापेक्षा पातळ केल्या तर उलटताना मोडतात अन जाड केल्या तर आत चव जात नाही. स्वच्छ कापडावर मांडून वरून दुसरं कापड दाबून कोरड्या करा. हे टाळू नका. ओल्या चकतीवर तेल नुसतं तडतडते, अंगावर उडते अन टोफूला रंगच येत नाही. लोखंडी तवा चांगला तापवा, दोन-तीन चमचे फल्लीतेल म्हणजे शेंगदाण्याचं तेल टाका, तेल तव्यावर पसरून लहरी दिसायला लागल्या की आच मध्यम करून चकत्या अंतर सोडून ठेवा अन मग हात बांधून उभ्या राहा. चार मिनिटं हात लावायचा नाही. सुरुवातीला त्या तव्याला धरून बसतात, तेव्हा सराटा घातला की वरचं साल तव्यावर अन मधला गर सराट्यावर. खालची बाजू नीट भाजली की त्या आपोआप सुटतात, तवा हलवला की सरकतात. भाकर जशी तव्यावरून सुटायची वेळ आपल्या हाताला कळते तशी ही पण दोन-तीन वेळात कळायला लागते. रंग पिकलेल्या गव्हाच्या ओंबीसारखा आला की उलटा, दुसरी बाजू तीन मिनिटं.

मग पसरट कढई किंवा खोल तवा घ्या, झाकण बसेल असा. तळाला उभा चिरलेला कांदा पसरा, त्यावर चकत्या एकावर एक थोड्या चढवून, कौलं रचतो तशा. कालवण चमच्यानं प्रत्येक चकतीवर टाका, वाटी एका जागी उपडी करू नका. उकळी आली की आच मंद, झाकण ठेवून पाच मिनिटं. मग झाकण काढून आठ-दहा मिनिटं, अन या वेळात चमच्यानं खालचं पाणी उचलून वर टाकत राहा. उलटापालट नको, नुसतं वर सोडत राहायचं.

पाहत राहा, कारण हे बदलताना दिसते. आधी पाणी पातळ, वर लाल मिरची अन लसूण तरंगत राहते, मोठे बुडबुडे फुटतात. मग बुडबुडे लहान अन दाट होतात, कडेला तपकिरी चकाकी येते, टोफूच्या भाजलेल्या सालीत सुरकुत्या होत्या त्या रस पिऊन फुगतात. लसणाचा उग्र वास जातो अन गोडसर वास सुटते. कढई तिरपी केली की एका कोपऱ्यात तीन-चार चमचे घट्ट रस जमा झाला पाहिजे, तेवढ्यावरच गॅस बंद. आपल्याला रस्सा पाहिजेच राहतो, भाकर चुरायची सवय, म्हणून हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. टाकू नका. पाणी वाढवलं की खारट-तिखट पाणी वेगळं अन बेचव टोफू वेगळा. चव टोफूत जाते ती याच शेवटच्या पाच मिनिटात. पूर्ण कोरडं पण करू नका, सॉसमधली साखर खाली करपते.

गॅस बंद केल्यावर तिळाचं तेल फिरवा, उरलेले तीळ अन पातीचा हिरवा भाग बारीक चिरून भुरभुरा. झाकण ठेवून पाच मिनिटं.

भात त्या लोकांचा आखूड दाण्याचा, चिकटसर राहतो. आपल्याकडे एचएमटी घरोघरी आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवड करत करत तयार केलेलं वाण, तो नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी जास्त टाकून मऊ शिजवा, मस्त जमते. ज्वारीच्या भाकरीसोबत पण मला तितकंच आवडते, अन खाली जो कांदा मऊ होऊन रस पिऊन बसतो त्यासाठी आमच्या घरात भांडणं होतात.

चोथ्याचं राहिलं होतं. तो दूध उकळायच्या आधी गाळलेला राहतो म्हणजे पूर्ण शिजलेला नसतो, त्यामुळे तसाच खायचा नाही. मी कुकरच्या भांड्यात दोन-तीन शिट्ट्या देऊन घेते, मग त्यात ज्वारीचं पीठ, बेसन, ठेचा, सांबार, ओवा टाकून थालीपीठ लावते. निम्म्याला निम्मं पीठ लागते नाहीतर तव्यावर तुटते. आलूबोंड्यासारखे गोल वडे पण होतात पण ते तेल जरा जास्त पितात. उरला तर शिजवलेलाच गाईच्या आंबोणात थोडा मिसळा. उन्हाळ्यात हा चोथा तीन-चार तासात वास मारायला लागते, म्हणून त्याच दिवशी संपवा.

नुसता टोफू फ्रिजमध्ये पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून तीन दिवस राहतो. फ्रिज नसलं तर सकाळी करून संध्याकाळच्या आत खाऊन टाका, अन बोटाला चिकट लागला, आंबट वास आला तर जीव अडकवू नका, टाकून द्या. झालेलं जोरिम मात्र फ्रिजमध्ये तीन-चार दिवस छान टिकते अन दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागते, रस आतपर्यंत गेलेला राहतो. ते लोक थंड पण खातात. हिवाळ्यात निंदणाला, तुरीच्या सवंगणीला जाताना मी डब्यात खाली भाकर, वर हिरव्या पातीचा कांदा अन चार चकत्या अशा ठेवते, गरम करत नाही, बांधावर बसून तशाच खातो.